जर्मनीतल्या ब्रीडरकडून स्पिट्झ: रविवारच्या केकसकट परीक्षण

आपल्याकडे ज्याला सर्रास 'पॉमेरियन' म्हणतात, तो पांढरा, शेपटी पाठीवर वळवलेला, दारावरची बेल वाजायच्या आधीच भुंकणारा कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो आणि त्याचं मूळ जर्मन स्पिट्झमध्ये आहे. जर्मनीत स्थिरावलेल्या मराठी घरात कुत्र्याचा विषय निघाला की म्हणूनच याची आठवण आधी येते. तिथे ही जात पाच आकारांत आहे: वोल्फश्पिट्झ, ग्रोसश्पिट्झ, मिट्टेलश्पिट्झ, क्लाइनश्पिट्झ आणि त्स्वेर्गश्पिट्झ. शेवटचा म्हणजे खरा पॉमेरेनियन. लहानपणी शेजारच्या काकूंकडे पाहिलेला कुत्रा डोक्यात असेल तर मिट्टेलश्पिट्झ मागा. खांद्यापाशी उंची साधारण 35 सेंटीमीटर, शिकारीची ओढ कमी, राखणीची फार.

हे परीक्षण एखाद्या एका ब्रीडरचं नाही. व्हीडीएच ही जर्मनीतली कुत्र्यांच्या क्लबांची शिखर संस्था. तिच्याशी जोडलेल्या क्लबच्या घरगुती ब्रीडरकडून पिल्लू घेण्याच्या सगळ्या पद्धतीचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगून टाकावा: पिल्लू उत्तम, कागद चोख, पाहुणचार मनापासून. पण वेळ फार जातो आणि 'गिऱ्हाईक' म्हणून तुमची किंमत शून्य असते. पैसे आहेत म्हणून पिल्लू मिळेल, या समजुतीने जाणाऱ्यांनी त्रास घेऊ नये.

सुरुवात क्लबच्या संकेतस्थळावरच्या पिल्लांच्या यादीपासून करायची. तिथे झालेल्या आणि होऊ घातलेल्या विणींची नोंद असते. एका विणीत साधारण तीन ते पाच पिल्लं, मागणी त्याहून जास्त, त्यामुळे सहा महिने ते वर्षभर थांबायची तयारी हवी. पहिला ईमेल जर्मनमध्येच लिहा आणि त्यात किंमत, फोटो किंवा 'पांढरा नर आहे का' हे विचारू नका. अशा ईमेलला बहुधा उत्तरच येत नाही. त्याऐवजी घरात कोण कोण आहे, कोण किती तास घरी असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर, आधी कुत्रा पाळला होता का आणि सुट्टीत भारतात गेलात तर कुत्रा कुठे राहील, हे दहा-बारा ओळींत लिहा. शेवटचा मुद्दा आपल्या बाबतीत निर्णायक ठरतो. दर वर्षी चार आठवडे पुण्याला जाणारं कुटुंब ब्रीडरला धोक्याचं वाटतं. ओळखीतलं घर किंवा ठरलेलं डॉग-हॉटेल नावानिशी सांगता आलं तर अर्धं काम होतं. काही ब्रीडर स्वतःच्या पिल्लांना सुट्टीत सांभाळतातही, पण ते त्यांनी सुचवायचं असतं, आपण गृहीत धरायचं नसतं.

दोघंही पूर्ण वेळ ऑफिसला जात असाल तर नकार जवळजवळ ठरलेला. मोठा कुत्राही सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त एकटा ठेवू नये, असं तिथले ब्रीडर मानतात, आणि पिल्लाला तर सुरुवातीचे कित्येक आठवडे एकटं ठेवताच येत नाही. घरून काम असेल तर तसं स्पष्ट लिहा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालकाची लेखी परवानगी आधीच काढावी. छापील भाडेकरारात कुत्र्या-मांजरांवर सरसकट बंदी घालणारं कलम चालत नाही, असा जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. मात्र त्याचा अर्थ 'परवानगीच नको' असा होत नाही; प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं जातं. स्पिट्झ भुंकतो आणि शेजारी तक्रार करतात, हे ब्रीडरला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. कागद सोबत नेलात तर चर्चा लवकर संपते.

भेटीचं बोलावणं पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाल्यावर येतं. त्याआधी बाहेरच्या माणसांना बहुतेक ब्रीडर घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे: लसी झालेल्या नसतात आणि पार्व्होसारखा विषाणू बुटांच्या तळव्यावरूनही घरात येतो. म्हणून एका दिवशी दोन ब्रीडरांकडे जाऊ नये. वेळ वाचतो म्हणून असं कोणी केलं आणि बोलण्याच्या ओघात सांगून टाकलं, की दुसऱ्या घरी दारातूनच निरोप मिळू शकतो.

वेळ बहुधा रविवारी दुपारी तीनची असते. ही कॉफी-केकची वेळ. तीन म्हणजे तीन. पाच मिनिटं आधी पोहोचलात तर गल्लीत फेरी मारा, ट्रेन उशिरा असेल तर फोन करा. किती जण येणार ते आधी कळवलेलं असावं. आपल्याकडची, कुत्रा बघायला शेजारचं कुटुंबही सोबत नेण्याची पद्धत इथे चालत नाही, कारण टेबलावर मोजून ताटल्या मांडलेल्या असतात आणि पिल्लांच्या खोलीत किती माणसं जातील हेही ठरलेलं असतं. दारात बूट काढा, हात धुवा, मग बोला.

भेट म्हणून फुलं चालतात. पांढरी शेवंती नको, ती तिथे थडग्यांवर वाहतात. लाल गुलाब प्रेमात पडलेल्यांनी द्यायचे. घरचे शंकरपाळे किंवा चिरोटे कौतुकाने खाल्ले जातात. चिवडा नेणार असाल तर बेदाणे काढून टाका. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि ज्या घरात जमिनीवर पाच पिल्लं फिरताहेत तिथे खाली सांडलेला एक बेदाणाही यजमानाला पुढे बोलू देत नाही. चॉकलेट आणि कांद्याचंही तेच.

आता केक. शाकाहारी असाल तर वेळ ठरवतानाच सांगा. मलईचे थर असलेल्या आणि न भाजलेल्या केकमध्ये जिलेटिन असण्याची शक्यता मोठी. भाजलेला केझेकुखेन, म्हणजे चीजकेक, चालतो, पण अंडं असतंच. अंडंही वर्ज्य असेल तर यीस्टच्या पिठावर फळं लावलेला केक कधी कधी बिनअंड्याचा निघतो. विचारल्याशिवाय कळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर आंबट निळ्या प्लमचा केक हमखास समोर येईल, आणि तो सगळ्यांत चांगला. श्वार्त्सवेल्डर किर्शटोर्टमध्ये, म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये, चेरीची दारू असते, मुलांना देण्याआधी लक्षात ठेवा. चहा मागितला तर फळांचा किंवा पुदिन्याचा मिळेल. आपला हवा असेल तर काळा चहा आणि दूध असं वेगळं सांगावं लागतं. पाणीही बुडबुड्यांचं येतं, साधं हवं असेल तर तसं म्हणा.

एक गोष्ट मराठी माणसाला सवयीने चुकते. पहिल्यांदा 'नको, नको' म्हणायचं आणि दुसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं, हे तिथे जमत नाही. नको म्हटलंत की ताटली उचलली जाते. त्यात अपमान काही नाही, तुमचा शब्द खरा मानला इतकंच. हवा असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा, दुसरा तुकडाही मागा. केक घरी केलेला असतो आणि मागणाऱ्याचं यजमानीणबाईंना बरं वाटतं. साडेपाचच्या सुमारास निघायची तयारी करा. रात्रीच्या ब्रेड-चीजला थांबायचा स्पष्ट आग्रह झाला तरच थांबायचं.

गप्पा चालू असताना तपासणीही चालू असते. मुलं पिल्लाला मधूनच उचलतात का, आई-वडील त्यांना थांबवतात का, मोठी कुत्री अंगावर आली तर तुम्ही हात वर करून मागे सरकता का, हे सगळं पाहिलं जातं. खुर्चीवर बसून 'तो तिकडचा आणा' म्हणण्यापेक्षा जमिनीवर बसावं आणि पिल्लांना येऊ द्यावं. चार आठवड्यांची पिल्लं बराच वेळ झोपतात, त्यामुळे तासभर नुसतं झोपलेलं पिल्लू पाहावं लागलं तर ती फसवणूक नव्हे.

तुम्हीही तपासा, आणि इथे भिडस्तपणा नको. पिल्लं आईबरोबर दिसलीच पाहिजेत. बाप बहुधा दुसऱ्या शहरात असतो, ते नेहमीचंच. आई पाहुण्यांना घाबरून लपत असेल तर विचार करा. स्पिट्झ परक्यांशी अंतर राखून वागतो, पण स्वतःच्या घरात दबकत नाही. जागेला मुताचा जुना वास नको. डोळे कोरडे हवेत, पोट फुगलेलं नको, कारण फुगलेलं पोट जंतांचं लक्षण असू शकतं. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी दिलेलं असावं आणि त्याची नोंद हवी. आई-बापांच्या गुडघ्याच्या वाटीची तपासणी मागा. लहान स्पिट्झमध्ये ती वाटी सरकण्याचा दोष आढळतो आणि निकाल 0 ते 4 अशा श्रेणीत लिहितात, 0 उत्तम. डोळ्यांच्या पीआरए या आनुवंशिक आजाराची डीएनए चाचणीही विचारा. चांगला ब्रीडर हे कागद न मागता केकच्या ताटलीशेजारी ठेवतो. 'डॉक्टरांनी पाहिलंय, सगळं ठीक आहे' इतकंच तोंडी उत्तर मिळालं तर दुसरा केकही खा आणि घरी या.

कायद्याची थोडी माहिती असलेली बरी. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडता येत नाही. 2022 पासूनच्या सुधारित नियमांत पिल्लांना रोज किमान चार तास माणसांचा सहवास सांगितला आहे. तीन किंवा अधिक प्रजननक्षम माद्या पाळणाऱ्याला किंवा वर्षाला तीन विणी काढणाऱ्याला पशुवैद्यकीय कार्यालयाचा परवाना लागतो. यावरून जाहिरातींतले बनावट लोकही ओळखता येतात. परदेशातून जर्मनीत आणलेल्या पिल्लाला रेबीजची लस लागते. ती 12 आठवड्यांआधी देता येत नाही आणि त्यानंतर 21 दिवस थांबावं लागतं. म्हणजे 15 आठवड्यांच्या आतलं पिल्लू 'शेजारच्या देशातून आणलंय' असं कोणी सांगत असेल तर ते बेकायदा आलेलं आहे. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून दाखवलेलं पिल्लू कितीही गोड असो, तिथे एक युरोही देऊ नये.

किंमत मिट्टेलश्पिट्झसाठी साधारण दीड ते दोन हजार युरोंच्या आसपास, कधी त्याहून वर. घासाघीस करू नका; ब्रीडरला ती पिल्लाच्या खर्चातली कंजुषी वाटते आणि यादीतलं नाव जातं. रंग किंवा पिल्लू निवडण्याची मोकळीकही फारशी नाही. कुणाच्या घरी कुठलं जाईल हे ब्रीडर ठरवतो. हे खटकतं, आणि दोन हजार मोजणाऱ्याला खटकणारच. पण आठ आठवडे रोज पाहणाऱ्याला कुठलं पिल्लू शांत आहे ते तासाभराच्या पाहुण्यापेक्षा जास्त कळतं, हेही मान्य करावं लागतं.

करार वाचल्याशिवाय सही नको. त्यात बहुधा एक कलम असतं: कुत्रा ठेवता आला नाही तर आधी ब्रीडरला विचारायचं. ते तुमच्याच फायद्याचं आहे. व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेल्या जिवंत प्राण्यात पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असं कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करायची जबाबदारी विक्रेत्याची. पिल्लू नेताना हातात हवं ते असं: युरोपीय पशू-पासपोर्ट, त्यात 15 अंकी चिपची नोंद आणि आठव्या आठवड्याच्या लसी, क्लबच्या प्रजनन-निरीक्षकाने विणीची तपासणी केल्याचा अहवाल, आणि वंशावळ. वंशावळ कधी कधी नंतर टपालाने येते, तसं असेल तर करारात लिहून घ्या. पिल्लाचं कागदावरचं नाव 'क' किंवा 'फ' अशा एकाच अक्षराने का सुरू होतं, असा प्रश्न पडेल. ब्रीडरची पहिली वीण 'अ'ची, दुसरी 'ब'ची, असा रोमन वर्णमालेचा क्रम असतो. घरी हाक काहीही मारा.

नेण्याच्या दिवशी ब्रीडर पिल्लाला निघण्याआधी दोन-तीन तास खायला देत नाही, कारण गाडीत उलटी होते. तरी कागदी रुमाल आणि जुना टॉवेल ठेवा. गाडीत पिंजरा बांधलेला हवा. ट्रेनने जात असाल तर बंद बॅगेतल्या लहान पिल्लाला तिकीट लागत नाही. काही दिवसांचं खाणं आणि आईच्या वासाचं फडकं सोबत मिळतं. ते फडकं धुऊ नका आणि खाणं आठवडाभर तरी बदलू नका, नाहीतर पोट बिघडतं.

पुढची कामं पटापट उरकावीत. चिप टोचलेली असली तरी ती तुमच्या नावावर आपोआप चढत नाही. टासो या पाळीव प्राण्यांच्या नोंदणी-संस्थेत मोफत नोंद करावी लागते. कुत्र्याचा कर नगरपालिकेचा, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो. बर्लिन, हॅम्बुर्ग, नीडरझाक्सन अशा राज्यांत कुत्र्याचा दायित्व विमा सक्तीचा आहे, बाकी ठिकाणीही काढाच. नीडरझाक्सनमध्ये नवख्या मालकाला कुत्रा घेण्याआधी लेखी आणि पहिल्या वर्षात प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

कुत्र्याला घेऊन भारतात यायचं असेल तर रेबीजच्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी युरोप सोडण्याआधीच करून पासपोर्टात नोंदवा. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढतात आणि निकाल 0.5 आययू प्रति मिलिलिटर किंवा वर लागतो. भारतात आल्यावर ही चाचणी केली तर परतीसाठी रक्त काढल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. भारतात उतरण्यासाठी पशू-विलगीकरण कार्यालयाची एनओसी वेगळी, तिची चौकशी विमानाचं तिकीट काढण्याआधी करा. आणि मे महिन्यात नागपूरला नेऊन उकडतंय म्हणून त्याचे केस मुळापासून कापू नका. स्पिट्झचे ते केस पुन्हा नीट येतीलच असं नाही.