धाकट्या भावाची केमोथेरपी आणि आमची फॅमिली फ्लोटर पॉलिसी : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या धाकट्या भावाला चोविसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान झाले. वडिलांनी घेतलेल्या ५ लाखांच्या फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या) पॉलिसीत तो शाळेत असल्यापासून समाविष्ट आहे. खानापुराहून बेळगावला ये-जा करून उपचार घेताना ही पॉलिसी कित्येकदा वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की केमोथेरपीचा मुख्य खर्च ती व्यवस्थित उचलते, परंतु ज्याचे उभे आयुष्य पुढे आहे अशा रुग्णाचा विचार तिच्यात फारसा नाही.

एबीव्हीडी या चार औषधांच्या पद्धतीची केमोथेरपी दर पंधरवड्याला डे-केअरमध्ये दिली जाते. सकाळी दाखल व्हायचे, लालभडक डॉक्सोरुबिसिन आणि उजेड लागू नये म्हणून झाकून ठेवलेले डाकार्बाझिन शिरेतून घ्यायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे. चोवीस तास दाखल नसतानाही हा क्लेम मिळतो. कॅशलेसची (रुग्णालयाचे बिल विमा कंपनीने थेट भरण्याची) पहिली मंजुरी तासाभरात यावी असा २०२४ पासूनचा नियम आहे आणि आमच्या बाबतीत तो बहुधा पाळला गेला. डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीसाठीची तीन तासांची मर्यादा मात्र अनेकदा ओलांडली गेली.

खरी कटकट पेट स्कॅनच्या (कर्करोग शरीरात कुठे सक्रिय आहे ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) बिलाची झाली. नुसत्या तपासणीचा खर्च पॉलिसीत बसत नाही. दाखल होण्याआधीच्या वा नंतरच्या ठरावीक दिवसांत, त्याच आजारासाठी झालेला असेल तरच तो मिळतो. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांनंतरच्या स्कॅनचा आमचा दावा टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने) ‘केवळ निदानासाठी’ असा शेरा मारून परत पाठवला. पुढचे औषध या स्कॅनवर ठरणार आहे, असे डॉक्टरांकडून तारखेसह लेखी घेऊन जोडल्यावर तो मंजूर झाला.

पांढऱ्या पेशी घटून ताप आला तेव्हा स्वतंत्र खोली घ्यावी लागली. खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये होती. त्यापेक्षा महाग खोली घेतली की केवळ भाड्यातला फरक भरून भागत नाही, डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. औषधे आणि तपासण्या तेवढ्या या कपातीतून वगळलेल्या असतात. नवी पॉलिसी घेणाऱ्याने ही मर्यादा नसलेलीच घ्यावी, मग हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल.

उपचारांपूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला होता. वंध्यत्वाशी संबंधित खर्च पॉलिसीतून वगळलेला असल्याने तो पूर्णपणे आम्ही केला. (आईसमोर हा विषय काढताना वडिलांची जी तारांबळ उडाली, ती वेगळीच.)

हप्ता ज्यांना झेपत नाही, त्यांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबाला मात्र पॅकेज दराच्या ३० टक्केच मिळतात. सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला. आमच्या उपचारांत तिचा संबंध आला नाही.

आता प्रश्न पंचविशीचा आहे. आमच्या फ्लोटरमध्ये मुलांना २५ वर्षांपर्यंतच ठेवता येते. पॉलिसी दुसऱ्या कंपनीत हलवायला (पोर्ट करायला) गेल्यास ती कंपनी नकार देऊ शकते, आणि कोरी पॉलिसी मिळालीच तरी आधीच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून आम्ही त्याच कंपनीत त्याच्या नावाने वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन (त्याच कंपनीच्या दुसऱ्या पॉलिसीत बदली) मागितले आहे. त्यात आधीच्या वर्षांचा लाभ कायम राहतो. विमा रक्कम वाढवून मागितली तर वाढीव भागाची छाननी मात्र नव्याने होते. अर्ज नूतनीकरणाच्या बराच आधी दिला असून त्याची पोच शिक्क्यासह घेतली आहे.