मालकी रानातली तोड: पोकलेन, विंचचा ट्रॅक्टर की माणसांचे खांदे?

कोकणात मालकी रान तोडायला द्यायचं ठरलं की बोलणी भावावर सुरू होतात आणि भावावरच संपतात. लाकूड खाली कसं उतरणार, हे ठेकेदाराचं तो बघेल म्हणून सोडून दिलं जातं. खरं तर तुमच्या मातीचं आणि खालच्या विहिरीचं काय होणार, हे तिथेच ठरतं. ऐन, किंजळ तोडले तरी बुंध्याला फुटवा येतो, मुळं जिवंत राहून माती धरतात. डोंगर कापून काढलेली वाट मात्र आपोआप भरून येत नाही.

पहिला मार्ग पोकलेनचा किंवा जेसीबीचा. उतारात वाट काढायची आणि ट्रक थेट ओंडक्यांपर्यंत न्यायचा. काम भराभर उरकतं, मजूर कमी लागतात. सपाट सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, जिथे गाडीवाट आधीपासूनच आहे, तिथे माझी याला हरकत नाही. उतारावर मात्र ठाम हरकत आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी वर जांभा आणि त्याच्या खाली चिकणमातीचा थर असतो. पाऊस जांभ्यातून झिरपतो, चिकणमातीवर अडतो आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतो. वाटेची कापणी या सांध्यातून गेली की झऱ्याचं पाणी वाटेवर येतं आणि वरच्या मातीचा आधार सुटतो. शिवाय खणलेली माती खालच्या अंगाला लोटलेली असते. तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या भागात ती कुठे जाणार, हे सांगायला नको. 2021 च्या पुरानंतर चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ उपसावा लागला. त्या गाळाला एकच कारण नव्हतं, पण डोंगरावरून सुटून आलेली माती त्यात होतीच.

वजनाबद्दल एक गैरसमज आहे. वीस टनी पोकलेन बघून माणूस धास्तावतो आणि आठेक टनांचा जेसीबी त्याला हलका वाटतो. पण पोकलेनचं वजन रुंद पट्ट्यांवर पसरतं, जेसीबीचं चार टायरांवर येतं. त्यामुळे चाकाखालची माती जेसीबीच जास्त दाबतो. पोकलेन जागच्या जागी वळताना वरचा पातेरा (सुक्या पानांचा थर) आणि मुळांचा थर फाडतो, हे त्याचं नुकसान वेगळं.

दाबलेली माती म्हणजे काय, ते पहारीने कळतं. न तुडवलेल्या रानात पहार सहज आत जाते. चाकोरीत तीच पहार दोन बोटं जाते आणि हाताला झिणझिण्या येतात. तिथे पाणीही मुरत नाही, चाकोरीच ओहोळ होऊन वाहते. हे बहुतेक नुकसान पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच होतं. म्हणून यंत्र रानभर फिरवण्यापेक्षा सगळ्या फेऱ्या एकाच वाटेवर घालणं केव्हाही बरं. जर्मनीतल्या जंगलांत यंत्रांसाठी अशा वाटा कायमच्या आखून दिलेल्या असतात, साधारण 20 किंवा 40 मीटर अंतराने, आणि यंत्राने त्या सोडायच्या नसतात.

दुसरा मार्ग विंच, म्हणजे तारेचा दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, लावलेल्या ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर वरच्या जुन्या वाटेवरच उभा राहतो आणि तारेच्या दोराने ओंडा वर ओढून घेतो. ओढायचा तो वरच्या दिशेने, हे महत्त्वाचं. वर ओढताना घसरणीच्या रेषा वर एकत्र येतात आणि खाली फाकतात, त्यामुळे पावसाचं पाणी उतारावर पांगतं. खाली ओढलं तर त्याच रेषा एका जागी मिळतात आणि पाण्याचा लोंढा तयार करून देतात. ओंड्याचं पुढचं टोक उचललेलं हवं, नाहीतर तो जमीन नांगरत येतो. याला वेळ जास्त लागतो, दोर हाताळणारा जाणता माणूस लागतो, आणि ताणलेल्या दोराच्या आसपास कोणी उभं राहता कामा नये.

तिसरा मार्ग म्हणजे जागेवरच तुकडे करून माणसांनी वाहायचे. मातीला याच्याइतकं सुरक्षित काही नाही. मजुरी मात्र चढते, आणि लांब ओंड्याचे तुकडे पडले की त्याचा इमारती लाकडाचा भाव जातो. झाडं थोडी असतील, किंवा ती झऱ्याच्या, विहिरीच्या डोक्यावर असतील, तर मी डोळे मिटून हाच मार्ग घेईन. जळाऊ लाकडालाही हाच पुरतो.

म्हणून उतार आधी मोजा. 100 मीटर आडव्या अंतरात 30 मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर यंत्र उतारात उतरवूच नका. वर विंच बसेल अशी वाट असेल तर दुसरा मार्ग धरा, नसेल तर तिसरा. विंचसाठी म्हणून नवी वाट खणलीत, तर तो पुन्हा पहिलाच मार्ग झाला.

हंगामाचंही तसंच. दिवाळीनंतर जमीन वरून कोरडी दिसते, आत ओल असते. वीतभर खालची माती मुठीत दाबा. तिचा गोळा राहिला तर थांबा, भुगा झाला तर यंत्र आणा. एप्रिलअखेर लाकूड बाहेर हवं, कारण मे महिन्यातल्या वळवाचा भरवसा नाही आणि काम संपल्यावर वाटांवर चर खणून त्या बंद करायलाही दिवस लागतात.

ऐन, किंजळ, जांभूळ ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, त्यांना परवानगी लागतेच. पण लाकूड कोणत्या वाटेने उतरायचं, ते तुम्हीच करारात लिहून घ्या. पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांना 30 मीटर यंत्र नाही. पऱ्यातून ओंडा ओढायचा नाही. यंत्राच्या वाटेवर फांद्या-डहाळ्यांचा जाड थर. काम संपल्यावर पाणी बाजूला काढायला वाटेवर तिरके चर, 10 टक्के उतारावर साधारण 25 मीटरला एक, 20 टक्क्यांवर 15 मीटरला, आणि कोकणातल्या पावसाला त्याहून जवळ घेतले तर उत्तम. चराचं तोंड झाडीत सोडा, पऱ्यात नको. शेवटचा हप्ता हे चर स्वतः चालून बघितल्यावरच द्या.