शिडाच्या जहाजांची लढाई: षट्कोन की पत्ते?

दोन्ही खेळ माझ्याकडे आहेत, दोन्ही अधूनमधून टेबलावर येतात. त्यामुळे ‘एकच घ्यायचा तर कुठला?’ याचं माझं उत्तर अगदी तटस्थ असेल असं समजू नका. ‘वुडन शिप्स अँड आयर्न मेन’ 1970च्या दशकातला: षट्कोनी घरांचा पट, पुठ्ठ्याचे तुकडे, पेन्सिल, खोडरबर. ‘सेल्स ऑफ ग्लोरी’ 2013चा: रंगवून आलेली 1:1000 प्रमाणातली जहाजं, हालचालीचे पत्ते, आणि घरं आखलेला पट नाहीच.

देखणेपणात सेल्सला तोड नाही. जहाजं मांडली की घरातली खेळाला नाक मुरडणारी मंडळीही टेबलापाशी थबकतात. वाऱ्याचं गणित जहाजाच्या तळपट्टीवरच्या रंगांत बसवलंय, नुकसान चकत्या ओढून ठरतं, त्यामुळे शाळकरी मुलंही पटकन रुळतात. उलट वुडन शिप्समध्ये प्रत्येक जहाजाचा वेगळा तक्ता, गोळा साधा की साखळीचा याची नोंद, प्रत्येक फैरीला कोष्टक. एकेकाकडे चार-पाच जहाजं दिलीत तर संध्याकाळ खोडाखोडीत जाते, हे आधीच सांगून ठेवतो.

मग माझं मन कुठे फिरलं? सेल्समध्ये निवडलेला पत्ता जहाजाच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकाला, टेकवायचा आणि जहाज उचलून त्या पत्त्यावरच्या बाणाला जुळवायचं. मोकळ्या समुद्रात हे झकास चालतं. पण जहाजं एकमेकांना भिडली की पत्ता ठेवायला जागाच उरत नाही. शेजारचं जहाज उचला, पत्ता सरकवा, ते पुन्हा ‘होतं तिथेच’ ठेवा. ते होतं तिथे कधीच बसत नाही. आणि या काळातल्या लढाईत तेवढ्या चुकीवरच सगळं ठरतं: गोळे आडवे लागतात की जहाजाच्या लांबीभर घुसतात? ट्राफल्गारच्या लढाईत, 21 ऑक्टोबर 1805 रोजी, ब्रिटिशांच्या ‘व्हिक्टरी’ने ‘ब्युसेंतोर’च्या पिछाडीमागून जाताना झाडलेल्या फैरीने फ्रेंच ध्वजनौकेची दाणादाण उडवली ती याच कोनामुळे. आमच्या टेबलावर तो कोन कोणाचं मनगट किती हललं यावर ठरू लागला. चांगले मित्र पट्टी घेऊन वाद घालायला लागले. काही गटांत हे खिलाडूपणे निभावत असेलही. आमच्यात निभावलं नाही.

षट्कोनात जहाज दोन घरं व्यापतं, एकात नाळ, एकात पिछाडी. वादाला जागा नाही. दोघेही चाल आधी लिहून ठेवतात आणि मग एकदम उघड करतात, त्यामुळे ‘हा वाऱ्याकडे वळेल का?’ हा अंदाज बांधण्यात जी मजा आहे तीही शाबूत. शिवाय जेवायची वेळ झाली की फोनवर फोटो काढा, पट उचला, पुढच्या रविवारी लढाई तिथूनच चालू. मुंबईच्या घरात जेवणाचं टेबल एकच असतं, त्यामुळे ही गोष्ट मला वाटलं होतं त्याहून मोठी निघाली.

वुडन शिप्सची अडचण मिळण्याची आहे. तो खेळ काढणारी अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी 1998मध्ये हॅसब्रोकडे गेली, त्यामुळे जुनी प्रत शोधावी लागते, आणि पेटीत तुकडे पूर्ण आहेत का ते विचारूनच पैसे द्या. घरात लहान मुलं असतील आणि खेळायचं त्यांच्याबरोबरच असेल तर सेल्स घ्या, मी आड येणार नाही.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं वेड असेल तर मात्र थांबून विचार करा. दोन्ही पेट्यांत गुराब, म्हणजे मराठा आरमारातली लढाऊ नौका, नाही. सेल्ससाठी ती करायची म्हणजे छोटं जहाज, तळपट्टी आणि पत्ते, सगळंच घरी घडवायचं. वुडन शिप्समध्ये एक तक्ता आखला, पुठ्ठ्याचा तुकडा कापला, की झाली तयार. नाळेवरून पुढे रोखलेल्या तोफांचा नियम तेवढा स्वतः बसवावा लागतो. आमचा अजून पक्का झालेला नाही. गुराबेला जरा झुकतं माप मिळतं, अशी समोर बसणाऱ्याची तक्रार आहे.