१९७२ च्या नोव्हात ३८३ स्ट्रोकर इंजिन टाकलं, दोन सीझन चालवून लिहितोय

आधीच सांगून टाकतो, माझी नोव्हा एसएस (सुपर स्पोर्ट, म्हणजे जोरदार मॉडेल) नाहीये. १९७२ ची साधी दोन दरवाजांची शेवी नोव्हा, ३०७ व्ही८ (असे आकडे म्हणजे इंजिनाचं आकारमान, क्यूबिक इंचात) आणि दोन गिअरचं ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड, म्हणजे कट्टर लोक हिला मसल कार म्हणणारच नाहीत आणि त्यांचं काही चूक नाही. पण दिसते मस्त, आणि मिशिगनमध्ये एप्रिलला रस्त्यावरचं मीठ धुऊन गेलं की ती गराजमधून बाहेर काढायची म्हणून मी अख्खा हिवाळा काढतो.

प्रॉब्लेम असा की ती पळायचीच नाही. फ्रीवेच्या रँपवर पाय पूर्ण दाबायचा, आवाज छान यायचा, आणि शेजारून कुणाची तरी मिनीव्हॅन निघून जायची. ३०७ चा इतिहास पण मजेशीर आहे, १९७१ ला कागदावर २०० हॉर्सपॉवर आणि १९७२ ला जवळपास त्याच इंजिनाला १३०. एका वर्षात इंजिन म्हातारं झालं नाही, मोजायची पद्धत बदलली. आधी इंजिन स्टँडवर ठेवून, फॅन नाही, एअर क्लीनर नाही, गाडीचा एक्झॉस्ट नाही, असं मोजायचे, त्याला ग्रॉस म्हणतात. नंतर सगळं लावून मोजायला लागले, ते नेट. हे लक्षात ठेवा कारण आज क्रेट इंजिनच्या (खोक्यात तयार मिळणारं इंजिन) जाहिरातीत जो आकडा मोठ्या अक्षरात असतो तो त्या जुन्या पद्धतीच्याच जवळचा असतो. गाडीत बसल्यावर तेवढा मिळत नाही, आणि चाकाशी मोजला तर अजून कमी.

तर पर्याय काय काय बघितले. पहिला म्हणजे ३०७ च उघडायचं, सिलेंडर हेड बदलायचे, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलायचा. हे मी दोन महिने धरून बसलो होतो कारण ब्लॉक ओरिजिनल आहे. पण ३०७ चा बोअर (सिलेंडरचा व्यास) ३.८७५ इंच, ३५० चा ४ इंच, त्यामुळे मोठे व्हॉल्व्ह असलेले चांगले हेड लावले तरी सिलेंडरची भिंत आडवी येते आणि हवेला पुरती वाट मिळत नाही. पैसे तेवढेच जाणार आणि हाती कमी येणार. माझे शेजारी, जनरल मोटर्समधून रिटायर झालेले आजोबा, ते म्हणाले, "ठेव ते बाजूला गुंडाळून, विकू नकोस." तेच केलं.

दुसरा पर्याय एलएस, म्हणजे जनरल मोटर्सची नंतरची व्ही८ सिरीज. याबद्दल सगळे इतकं बोलतात की न टाकणारा येडा वाटतो. १९९७ च्या कॉर्व्हेटमधून ही सिरीज सुरू झाली, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल, डिस्ट्रिब्युटर नाही. एलएस३ क्रेट म्हणजे ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर, थंडीत किल्ली फिरवली की चालू. स्वस्तात करायचं तर १९९९ नंतरच्या सिल्व्हराडो किंवा टाहोचं ५.३ भंगारवाल्याकडून उचलायचं, बहुतेकांचा ब्लॉक बिडाचा पण इंजिन दणकट. नुसतं इंजिन स्वस्त पडतं यात वादच नाही. पण मग मोजायला लागा, वेगळे माउंट, ट्रकचा ऑइल पॅन खोल असतो तो क्रॉसमेंबरला (गाडीच्या खालची आडवी पट्टी) अडतो म्हणून दुसरा पॅन, कॉम्प्युटर आणि हार्नेस (वायरिंग), टाकीत ५८ पीएसआयचा पंप म्हणजे टाकीच बदला, हेडर (एक्झॉस्टचे पाइप) वेगळे, पुढचे बेल्ट-पुली वेगळे. हे सगळं वाईट नाहीये, ज्याला रोज ऑफिसला न्यायचीये त्याने एलएसच टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे. मला मात्र बॉनेट उघडल्यावर वायरचं जाळं नको होतं. डिस्ट्रिब्युटर फिरवून कानाने टायमिंग लावायचं ही मजा मला हवी होती, आणि गाडी वर्षाला दीड हजार माइलच चालते.

बिग ब्लॉक ४५४ चा विचार पाचेक मिनिटं केला. पुढच्या चाकांवर दीडशे पाउंडाच्या आसपास जास्त वजन. सोडून दिला.

उरलं स्मॉल ब्लॉक, म्हणजे माझ्या ३०७ च्याच घराण्यातलं छोटं व्ही८. सगळ्यात सरळ म्हणजे शेवरोलेचंच झेडझेड६, ३५० क्यूबिक इंच, अ‍ॅल्युमिनियम हेड, ४०५ हॉर्सपॉवर, कंपनीची वॉरंटी. चांगलं इंजिन आहे, घेतलं असतं तरी पस्तावलो नसतो. पण त्याचा टॉर्कही ४०६ च्या आसपास आणि तो येतो वरच्या आरपीएमला. माझी गाडी जड, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो ३.०८, मी रेस करत नाही, सिग्नलवरून निघताना खालीच ढकलणारं इंजिन पाहिजे होतं. म्हणून ३८३.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३८३ हे शेवरोलेच्या कुठल्याही गाडीत फॅक्टरीतून बसून आलेलं नाही, हे हॉट रॉडवाल्यांचं डोकं. ३५० चा ब्लॉक तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करायचा, म्हणजे ४.०३० इंच, आणि त्यात ४०० इंजिनाचा ३.७५ इंचाचा स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) घालायचा, म्हणून स्ट्रोकर. गुणाकार केला की ३८२.७ येतात. पूर्वी ४०० चा क्रँकशाफ्ट आणून त्याचे मेन जर्नल (ब्लॉकमध्ये बसणारे भाग) घासून बारीक करायला लागायचे, आता ३५० च्या ब्लॉकसाठी तयार क्रँक मिळतात त्यामुळे ३५० आणि ३८३ च्या किमतीत फार अंतर राहिलेलं नाही.

मी ज्या बिल्डरकडून घेतलं त्याचं नाव टाकत नाही, जाहिरात पण नको आणि एक तक्रार आहे म्हणून बदनामी पण नको. खोक्यात आलं ते असं, ८७ नंतरचा ब्लॉक, वन-पीस रिअर सील (क्रँकच्या मागच्या टोकाचं एकाच तुकड्याचं ऑइल सील), हायड्रॉलिक रोलर कॅम, अ‍ॅल्युमिनियम हेड, कॉम्प्रेशन ९.८, सोबत डायनोचा (इंजिनाची ताकद मोजायचं मशीन) कागद. कागदावर ४१२ हॉर्सपॉवर आणि ४५१ टॉर्क, पण मी खूश झालो ते दुसऱ्याच ओळीवर, २,५०० आरपीएमलाच टॉर्क ४०० च्या वर. इंजिन निवडताना हा ग्राफ मागा, नुसता टोकाचा आकडा नको. रस्त्यावर आपण ५,५०० आरपीएमला किती सेकंद असतो? आख्ख्या उन्हाळ्यात पाच मिनिटं पण नाही.

रोलर कॅमचा आग्रह धराच. जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमला जस्तवालं ऑइल लागतं, आजकालच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी केलंय, आणि पहिल्यांदा चालू केल्यावर वीस-तीस मिनिटं २,००० च्या वर धरून ठेवावं लागतं नाहीतर कॅमचा लोब (उंचवटा) खाल्ला गेला म्हणून समजा. मित्राचा पहिल्याच दिवशी गेला, अख्ख्या इंजिनभर धातूचा चुरा. रोलरला ही भानगड नाही. आणि कॅम निवडताना तो धडधड आयडल ऐकून भुलू नका, मोठ्या कॅमने व्हॅक्यूम पडतो, पॉवर ब्रेक दगड होतात, इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला कन्व्हर्टर पण जास्त स्टॉलचा, म्हणजे वरच्या आरपीएमला पकडणारा, घ्यावा लागतो. मी मधला घेतला, थोडी थरथर आहे, शेजाऱ्यांना कळतं एवढी.

आता तक्रार. खोक्यासोबत फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी चकती) नव्हती, आणि कुठली लागेल हे कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. माझी ३०७ ची बसणार नव्हती, कारण टू-पीस सीलच्या क्रँकला बोल्टचं वर्तुळ ३.५८ इंचाचं आणि १९८६ पासूनच्या वन-पीसला ३ इंचाचं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की ३ इंचवाल्यातही दोन प्रकार येतात, वजन वेगवेगळं असतं, एक इंटर्नल बॅलन्सवाल्या (तोल क्रँकवरच साधलेल्या) इंजिनासाठी आणि एक एक्स्टर्नल (बाहेरच्या वजनाने तोल साधणाऱ्या). दुकानात काउंटरवरच्या पोराला ३८३ म्हणून सांगितलं, त्याने एक्स्टर्नलची दिली, मी पण डोळे झाकून लावली, आणि गाडी २,२०० आरपीएमला अशी थरथरायला लागली की आरशात मागचं काही दिसेना. माझं इंजिन इंटर्नल बॅलन्स होतं. परत गिअरबॉक्स खाली, परत आठवडा गेला. बिल्डरला फोन केला तर म्हणतो आम्हाला विचारायचं होतं! अरे पण कागदावर एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? एक स्टार त्यासाठी कापला.

किरकोळ गोष्टी पटकन सांगतो, १९८० नंतरच्या ब्लॉकला डिपस्टिक उजव्या बाजूला असते, हेडर घेताना बघा. व्होर्टेक (शेवरोलेचेच नंतरचे) हेड असतील तर इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, जुना बसत नाही. काही नव्या ब्लॉकला मेकॅनिकल फ्युएल पंपाची सोयच नसते. माझ्या गाडीची फ्युएल लाइन ५/१६ ची होती, ३/८ ची टाकली, आणि जुने रबरी होज सगळेच फेकले, इथेनॉलवाल्या गॅसने आतून फुगलेले होते. कार्बुरेटर मोठा घेऊ नका, हिशेब सोपा आहे, ३८३ गुणिले ५,५०० भागिले ३,४५६, येतात ६०९ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), तेही इंजिन शंभर टक्के भरतंय असं धरून, जे होत नाही. मी ६५० घेतला, व्हॅक्यूम सेकंडरीवाला. दुकानदार ७५० गळ्यात मारत होता.

गिअरबॉक्सवर मात्र थांबून बोलायला पाहिजे. पॉवरग्लाइड ठेवायचं की नाही यावर मी खूप घोळ घातला. शेवटी २००-४आर (जनरल मोटर्सचाच चार गिअरचा ऑटोमॅटिक) घेतला, बिल्ड केलेला, आणि सांगतो, अर्धी मजा याचीच आहे. पहिला गिअर २.७४, शेवटचा ०.६७, म्हणजे ओव्हरड्राइव्ह. लांबी पॉवरग्लाइडच्या इतकी जवळ की जुना ड्राइव्हशाफ्ट आणि योक तसाच बसला, फक्त क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागला. ७० माइलला आधी इंजिन २,८०० च्या आसपास किंचाळायचं, आता १,९०० च्या पण खाली, बायको शेजारी बसून फोनवर बोलू शकते. एक धोका, याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल कार्बुरेटरला बरोबर जुळलीच पाहिजे, सैल राहिली तर आत प्रेशर कमी पडतं आणि क्लच जळतात, त्याला महिने नाही लागत, थोडक्या माइलमध्ये खेळ खलास. ३.०८ चा रेशो ओव्हरड्राइव्हला जरा उंच पडतो (आकडा लहान तेवढा रेशो उंच), ३.४२ टाकायचा विचार आहे, पण यंदा पैसे नाहीत.

पैशाचं म्हणाल तर इंजिन ७,४०० डॉलर. बाकीचं ८,१००. हो, इंजिनापेक्षा जास्त! गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर ३,१००, हेडर-एक्झॉस्ट दीड हजाराला थोडा कमी, पुढचे डिस्क ब्रेक साडेनऊशे, रेडिएटर आणि फॅन ७००, कार्बुरेटर-डिस्ट्रिब्युटर ८००, आणि अकराशे डॉलर नुसते गॅस्केट, बोल्ट, होज, ऑइल असल्या फुटकळ गोष्टीत कुठे गेले ते मलाही सांगता येणार नाही. ब्रेकवर कंजूषी करू नका, माझ्या गाडीला चारी बाजूला ड्रम होते, १३० हॉर्सपॉवरलाच ते घाम फोडायचे. मी इंजिन यायच्या आधी डिस्क लावले आणि ते एक काम मी बरोबर क्रमाने केलं.

चालवायला कशी आहे? खालून ओढते. गॅस पेडलवर नुसतं बोट ठेवल्यासारखं करा, गाडी निघते. दुसऱ्यातून पूर्ण दाबलं की मागचे टायर सुटतात, ते पावसात फार गमतीचं नाही. गेल्या ऑगस्टला वुडवर्डच्या ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळा) नेली, बंपरला बंपर, डोक्यावर ऊन, लोक सरकतायत पायी चालल्याच्या स्पीडने, आणि टेंपरेचरचा काटा १९५ ला चिकटून राहिला, तिथे माझ्या बाजूला दोन गाड्या बॉनेट उघडून वाफ काढत उभ्या होत्या. रेडिएटरचे ७०० त्या दिवशी वसूल. मायलेज फ्रीवेला १५-१६, गावात विचारू नका, आणि गॅस ९३ ऑक्टेनचाच लागतो.

तीन हजार माइल झाले, ऑइल खात नाही. डाव्या व्हॉल्व्ह कव्हरखालून जरासं पाझरतं, ते गॅस्केट मीच तिरकं बसवलंय.

पाचपैकी चार. झेडझेड६ की ३८३ विचाराल तर गाडी हलकी असेल, मागे ३.७३ असेल आणि कंपनीची वॉरंटी झोप देत असेल तर झेडझेड६, माझ्यासारखी जड गाडी आणि उंच रेशो असेल तर ३८३. बजेट आठ हजारात संपणार असेल तर यातलं काहीच नको, व्होर्टेक हेडवालं साधं ३५० घ्या आणि उरलेल्यात ब्रेक आणि गिअरबॉक्स करा.

३०७ अजून गराजच्या कोपऱ्यात स्टँडवर आहे, ताडपत्री घालून. भंगारात कधी जाणार म्हणून घरून दर महिन्याला विचारणा होते. ब्लॉकवर याच गाडीचा नंबर ठोकलेला आहे, आता तो कसा देऊ.