गोळी होणारा मिलीपीड ओळखायला १० एक्स ट्रिप्लेट भिंग

जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला पावसाळ्यात पाचोळा उकरला की हात लागताच गोळी होऊन बसणारा मिलीपीड (पुष्कळ पायांचा किडा) सापडतो. फोटो काढून नेटवर शोधलं की पुढ्यात बहुधा ‘ग्लोमेरिस मार्जिनाटा’ हे नाव येतं, आणि मग तेच नाव बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या फोटोंखाली चिकटतं. ग्लोमेरिस मार्जिनाटा पश्चिम युरोपातला आहे, सह्याद्रीत तो नाही. आपल्या घाटातले मोठे गोळीवाले आर्थ्रोस्फेरा या प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जीनस, तिच्यात अनेक जाती येतात). दोघांचा गणसुद्धा (प्रजातीच्या वरचा मोठा गट) वेगळा. ही गल्लत मिटवायला मायक्रोस्कोप लागत नाही. २१ मिमी काचेचं, घडी होणारं १० एक्स (दहा पट मोठं दाखवणारं) ट्रिप्लेट (तीन काचांचं) भिंग पुरतं, आणि या कामाला त्याहून सोयीचं साधन नाही असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी खरेदीचं बोलू, कारण फसवणूक तिथेच होते. सराफी हत्यारांच्या दुकानात आणि ऑनलाइनही याच मापाच्या भिंगावर ‘३० एक्स’, ‘४० एक्स’ असं छापलेलं असतं. ते शक्य नाही. भिंगाची पट म्हणजे २५० भागिले नाभीय अंतर (दूरच्या वस्तूची रेखीव प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर पडते ते, मिमीमध्ये). ३० पटीला ते अंतर जेमतेम ८ मिमी हवं. साध्या काचेचा २१ मिमी व्यासाचा पूर्ण गोल मणी केला तरी नाभीय अंतर १६ मिमीच्या आसपास राहतं, म्हणजे पट सोळाच्या घरात. चपट्या भिंगाची त्याहून कमीच. दुकानातच तपासा: भिंगातून दूरच्या खिडकीची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडा, प्रतिमा रेखीव झाली की काच आणि कागद यांतलं अंतर पट्टीने मोजा. साधारण २५ मिमी आलं तर भिंग खरं १० एक्स. जाड काचेत दोन-तीन मिमीचा फरक धरून चाला.

दुसरी परीक्षा आलेख कागदाची. ट्रिप्लेटमध्ये तीन काचा चिकटवलेल्या असतात. त्यामुळे कडेच्या रेघा सरळ दिसतात आणि रेघेला निळी-तांबडी किनार येत नाही. एकेरी काचेच्या भिंगात मधला भाग बरा, कडेला रेघा वाकतात. मिलीपीडची पाठ फुगीर असते. तिच्या पट्ट्या मोजायच्या तर कडेपर्यंत रेखीव दिसायलाच हवं, म्हणून ट्रिप्लेटचे जास्तीचे पैसे इथे वसूल होतात.

आता कामाचं. मिलीपीड पांढऱ्या बशीत ओल्या पाचोळ्याच्या तुकड्यासह ठेवा. गोळी बोटांनी उलगडू नका. जनावराला इजा होते आणि आर्थ्रोस्फेरा तर इतका घट्ट मिटतो की जोर लावूनही काही हाती लागत नाही. बशी हलवली नाही, त्यावर फुंकर घातली नाही, तर काही मिनिटांत तो आपण होऊन उघडतो. भिंग डोळ्याला भिडवा, भिंग धरलेल्या हाताचं बोट गालाला टेका आणि बशी वर आणत आणत साधारण इंचभर अंतरावर न्या. भिंग किड्याजवळ आणि डोळा लांब ठेवला तर दिसणारा घेर एकदम लहान होतो, आणि मग लोक भिंगाला नावं ठेवतात.

मोजायचं ते पाठीवरच्या ढाली. डोक्यामागची चिंचोळी पट्टी धरून शेवटच्या मोठ्या ढालीपर्यंत ग्लोमेरिस मार्जिनाटाला १२, आर्थ्रोस्फेराला १३. युरोपातला जास्तीत जास्त २० मिमी लांब, चकचकीत काळा, प्रत्येक ढालीला फिकट किनार. भिंगाच्या घेरात तो जवळजवळ अख्खा मावेल. आपल्याकडच्या काही जातींची गोळी लहान कागदी लिंबाएवढी होते, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे भिंग सरकवत मोजावं लागतं. दुसरी ढाल सर्वांत रुंद असते. तिच्यापासून मोजायला लागलात तर डोक्यामागची पट्टी सुटते आणि आकडा एकाने कमी येतो. तेराचे बारा होतात आणि खानापुरात पुन्हा युरोपातलं नाव लागतं.

डोळे पाहा. ग्लोमेरिसला साधे डोळे एका ओळीत असतात, आर्थ्रोस्फेराला बाजूला झुपका असतो. १० एक्सवर हा फरक स्वच्छ कळतो. पाय मोजायचे तर जनावर पारदर्शक डबीत ठेवून खालून बघा. ग्लोमेरिसच्या मादीला पायांच्या १७ जोड्या, नराला १९. आर्थ्रोस्फेराच्या मादीला २१, नराला २३, त्यातल्या शेवटच्या दोन मिलनासाठी बदललेल्या. पायांच्या सातच जोड्या भरल्या तर तो मिलीपीडच नाही, कुंडीखाली सापडणारा कवचधारी वुडलाउस आहे, खेकड्यांच्या नात्यातला. ग्लोमेरिस मार्जिनाटाचं पहिलं वर्णन १७८९ साली झालं तेव्हा तोसुद्धा वुडलाउसच्याच प्रजातीत घातला गेला होता, इतकं हे साम्य फसवं.

एक फरक मात्र भिंगाने आपल्याकडे दिसणार नाही, पण माहीत असावा. ग्लोमेरिसला छेडत राहिलं की पाठीच्या मध्यरेषेवरून चिकट थेंब निघतात. त्यांत ग्लोमेरिन आणि होमोग्लोमेरिन अशी दोन द्रव्यं असतात. हा किडा खाऊ पाहणारे लांडगा-कोळी (वुल्फ स्पायडर) त्यांनी गुंगतात, असं १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं. आर्थ्रोस्फेराच्या गणाला अशा ग्रंथी नसतात, त्यांची सगळी मदार चिलखतावर. ग्लोमेरिसची मादी एकेका अंड्याला माती आणि विष्ठेचं कवच करून ठेवते, आणि पिल्लू प्रौढ व्हायलाच काही वर्षं जातात. म्हणून कोणत्याही देशात असे जीव बरणीत साठवू नयेत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर काही उचलूच नका. बाहेरही पाहून झालं की त्याच दगडाखाली, त्याच ओलीत परत ठेवा.

एलईडी असलेलं भिंग घेऊ नका. दिवा समोरून पडतो, चकचकीत ढालीवर पांढरा ठिपका येतो आणि बारीक रेषा पुसल्यासारख्या होतात. तिरपा उजेड हवा. ढगाळ दिवशी खिडकीजवळ बसलं तरी पुरे. शिवाय पावसाळ्यात बटण सेल पाझरतात. २० एक्स मोहात पाडतं, पण त्याचा घेर निम्मा आणि अंतर अर्धा इंच. भिंगाची सावली किड्यावरच पडते.

उणिवा आहेत. घडीचा स्क्रू सैल होतो, तो अधूनमधून घट्ट करावा लागतो. फोनच्या कॅमेऱ्यावर धरून फोटो निघतो, पण चारी कोपरे काळे येतात. घाटातली दमट हवा ही खरी अडचण, कारण काचेवर बुरशी धरते आणि एकदा कोरली गेली की जात नाही. वापर झाला की कोरडं करून सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. जांभ्याची धूळ आधी फुंकून काढा, तशीच पुसली तर ओरखडे पडतात. मग साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ सुती कापड फिरवा. थिनर, अ‍ॅसिटोन अजिबात नको, काचा चिकटवलेल्या आहेत.

नेमकी जात ठरवायची तर नराच्या शेवटच्या बदललेल्या पायांची रचना पाहावी लागते. तिथे हे भिंग कमी पडतं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला स्टिरिओ मायक्रोस्कोपच लागतो. गण आणि प्रजातीपर्यंतच्या ओळखीसाठी मात्र शाळेच्या निसर्गमंडळांनी दहा मुलांमागे एक या हिशेबाने बिनधास्त घ्यावं, फक्त कागदावरची खिडकी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.