डी-एम्बेडर कार्ड आठ महिने वापरल्यावर: कार्ड चांगलं, डिप स्विच डोकेदुखी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या केबल हेडएंडमध्ये (चॅनल गोळा करून केबलवर सोडणारं केंद्र) हे कार्ड आठ महिने चोवीस तास चालू आहे. काम एकच: व्हिडिओ सिग्नलमध्ये मिसळलेला आवाज वेगळा काढणं. एक एचडी-एसडीआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारा डिजिटल सिग्नल) आत, आठ एईएस जोड्या (डिजिटल आवाजाचे दोन-दोन चॅनल) बाहेर. ब्रँडचं नाव देत नाही, कारण खालची तक्रार या जातीच्या बऱ्याच कार्डांना लागू पडेल.

तक्रार एका डिप स्विचची. आठ खटक्यांचा हा स्विच पुढच्या पट्टीवर नाही, बोर्डाच्या पोटात आहे. खटका १ आणि २ ऑडिओ ग्रुप (चार-चार चॅनलचा गट) निवडतात, ३ सॅम्पल रेट कन्व्हर्टर (आवाजाचे सॅम्पल नव्या गतीने मोजणारा भाग) चालू-बंद करतो. म्हणजे खटका हलवायचा तर कार्ड बाहेर ओढायचं, आणि कार्ड ओढलं की आठही जोड्या मुक्या. चालू चॅनलवर हे करणार कोण? पुढे चार एलईडी आणि कंपनीचा मोठा लोगो आहे, तिथे स्विचला जागा नव्हती म्हणे. बसल्या जागी सेटिंग बदलायचं असेल तर कंट्रोलर कार्ड वेगळं घ्यावं लागतं. एका खटक्यासाठी आणखी एका कार्डाचे पैसे!

यात सगळ्यात घातक खटका ३. कारखान्यातून तो 'चालू' येतो. साध्या पीसीएमला (न दाबलेला डिजिटल आवाज) कन्व्हर्टर उपकारकच आहे, बाहेरून आलेला ऑडिओ घरच्या ४८ किलोहर्ट्झवर आणून बसवतो. पण त्या जोडीत डॉल्बी ई (सराउंडचे अनेक चॅनल दाबून एका जोडीत भरणारी पद्धत) असेल तर तो आवाज नसून डेटा असतो. सॅम्पल नव्याने मोजले की डेटा संपला. 'ऑटो' मोड आहे, पण तो चॅनल स्टेटसमधला (ऑडिओसोबत येणारी माहिती) 'नॉन-ऑडिओ' बिट बघतो, आणि आधीच्या एम्बेडरने (आवाज व्हिडिओत भरणारं यंत्र) तो बिट लावलेलाच नसतो तेव्हा ऑटो सरळ फसतो. त्यामुळे डॉल्बीच्या जोडीला कन्व्हर्टर बंद आणि गेन बरोबर ० डीबी. ०.१ सुद्धा नको. हेडफोन लावून निदान करू नका. डॉल्बी ई शाबूत असतानाही कानाला खरखरच लागते. डीकोडरचा लॉक दिवा (सिग्नल नीट पकडल्याची खूण) बघा.

आता एक कबुली. पहिले दोन महिने आवाजात मधूनच 'टिक' यायची आणि दोष कार्डावर टाकला होता. तो चुकीचा होता. १.४८५ गिगाबिटची एसडीआय ११० मीटर केबलमधून येत होती आणि टोकाला लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेला ५० ओमचा बीएनसी कनेक्टर होता. १६९४ए या बेल्डनच्या व्हिडिओ केबलवर एचडीसाठी १०० मीटरच्या आसपास मर्यादा धरतात, त्यात हा कनेक्टर. चित्र मात्र स्वच्छ दिसत होतं. कारण पिक्सेलमधला एखादा बिट उलटला तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण ऑडिओ सॅम्पलचा वरचा बिट उलटला की टिक ऐकू येते. ७५ ओमचा कनेक्टर घातला, मधला जास्तीचा पॅच काढून केबल ९० मीटरवर आणली, सीआरसी काउंटर (सिग्नलमधल्या चुका मोजणारा) शून्य करून तासभर पाहिला. शून्यावरच राहिला. कार्डाची माफी मागतो, डिप स्विचची नाही.

राउटरने (कोणता व्हिडिओ पुढे जाणार ते निवडणारं यंत्र) सोर्स बदलताना येणारा 'ठक्' वेगळा. १०८०आय५० मध्ये (सेकंदाला २५ फ्रेमचं एचडी) बदल ओळ ७ वर व्हायला हवा. राउटरला रेफरन्स (सगळ्या यंत्रांना एका ठेक्यात ठेवणारा सिग्नल) नसेल तर तो कुठेही होतो आणि कार्डाला ऑडिओ पुन्हा पकडावा लागतो. आधी राउटरची रेफरन्स केबल तपासा.

लिप-सिंकसाठी: कार्ड फ्रेम सिंक्रोनायझरच्या (बाहेरचं चित्र घरच्या ठेक्याला जुळवणारं यंत्र) आधी लावलं तर चित्र साधारण एका फ्रेमने, ४० मिलिसेकंदांनी मागे राहतं आणि आवाज पुढे धावतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) बीटी.१३५९ शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवू लागतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत जाणवत नाही. एक फ्रेम काठावरच बसते. त्यात आणखी एखादा प्रोसेसर जोडला की तक्रार आलीच. शक्य असेल तर कार्ड सिंक्रोनायझरनंतर लावा, नाहीतर कार्डातला ऑडिओ डिले ४० वर ठेवा.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात: दुरुस्ती नाही, फक्त बदली. बदलून आलेलं कार्ड पुन्हा फॅक्टरी सेटिंगवर, म्हणजे ग्रुप १ आणि कन्व्हर्टर चालू. गेल्या आठवड्यात ते तसंच खोचलं गेलं आणि सराउंडचा चॅनल डीकोडर लॉक न होता पडून राहिला. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: "मॅन्युअलमध्ये लिहिलंय." लिहिलंय खरं, तळटीपेत.

कंट्रोलर घेतलेला नाही, घेणारही नाही. त्याऐवजी स्पेअर कार्डाचे खटके आधीच लावून ते अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवलंय. पावसाळ्यात कार्ड खोचण्याआधी कडेचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, खोडरबर घासू नका. पिशवीवर पांढरी पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर मार्करने: "१-२ ग्रुप २ साठी. ३ बंद. खोचण्याआधी डोळ्यांनी बघा."