तेलाचे चौदा महिने आणि मधले तीन आठवडे

मी कॅनडातल्या मिसिसागात राहते, वय 41. ॲन्झायटी जुनीच आहे. मुलाला शाळेतून आणायला पाच मिनिटं उशीर झाला तरी हातपाय गार पडायचे, आणि रात्री दोनला उठून दाराची कडी तपासायची. एस्सिटालोप्राम या ॲन्झायटीवरच्या गोळीने दिवस बरे जायला लागले, रात्री नाही. शेवटी डॉक्टरांशी बोलून गांजाचं तेल सुरू केलं.

नवरा म्हणाला, "इथे 2018 पासून गांजा कायदेशीर आहे, मग डॉक्टरचा कागद कशाला?" मी आधीच गोळी घेते, म्हणून. तेलातल्या सीबीडीमुळे (गांजातला नशा न आणणारा घटक) रक्तातलं एस्सिटालोप्राम वाढू शकतं, तेव्हा कुणाचं तरी लक्ष असलेलं बरं. शिवाय नर्सने पहिल्याच भेटीत विचारलं, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया आहे का? असता तर टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, असलेलं तेल मिळालंच नसतं. दुकानातल्या पोराने हे थोडंच विचारलं असतं! वैद्यकीय तेल परवानाधारक विक्रेत्याकडून टपालाने येतं. महिन्याला साधारण 90 डॉलर, आणि माझ्या विम्यातून एक पैसा नाही.

तेलाला ओल्या गवतासारखा वास. दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम टीएचसी, तितकंच सीबीडी. सोबत सुई नसलेली छोटी सिरिंज असते. पहिल्या रात्री पाव मिलिलिटर घेतलं. तासभर काहीच झालं नाही, म्हणून पुन्हा तेवढंच घेतलं. हा शुद्ध गाढवपणा. पोटातून जाणाऱ्या तेलाला चढायला दोन तासही लागतात. साडेनऊला मी बाथरूमच्या फरशीवर बसून नाडी मोजत होते, आता हृदय थांबणार अशी खात्रीच झाली होती. जे टीएचसी थोडं घेतलं की शांत करतं, तेच जास्त झालं की घाबरवतं.

पुढचे पाच महिने मात्र खरंच चांगले गेले. विचार थांबले नाहीत, पण शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसे लांबून यायचे. कडी एकदाच तपासायची आणि झोपायचं. याचं श्रेय मी सीबीडीला देत नाही. ब्राझीलमधल्या प्रयोगांत भाषणाच्या भीतीवर परिणाम दिसला तो 300 मिलिग्रॅमला. माझ्या सिरिंजमध्ये अडीच.

सातव्या महिन्यात पाव मिलिलिटरने भागेना. अर्धा झाला, मग पाऊण. रोज घेतलं की शरीर सरावतं, हे वाचलेलं होतं. पण स्वतःच्या हाताने सिरिंज वरच्या रेघेपर्यंत ओढताना ते आठवत नाही.

डिसेंबरात सांगलीला जायचं ठरलं. औषधाचं असलं तरी हे तेल कॅनडाबाहेर नेणं गुन्हा आहे, आणि भारतात अमली पदार्थांविरुद्धचा 1985 चा एनडीपीएस कायदा. बाटली घरीच ठेवली. पहिल्या चार रात्री मिळून नऊ-दहा तास झोप झाली असेल. उशी घामाने भिजायची. आईने केलेलं थालीपीठ समोर गार व्हायचं, वर मी तिच्यावरच खेकसायचे. डोळा लागलाच तर स्वप्नं इतकी ठसठशीत की उठल्यावरही खरी वाटायची. मला वाटलं, आजार उलटला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, हा आजार नाही, तेल सुटल्याचा त्रास आहे, पंधराएक दिवसांत ओसरेल.

आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "भांगेत तुळस ऐकली होती, आमच्या तुळशीत भांग निघाली." दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र पंख्याची खरखर आणि गल्लीतली कुत्री असूनही मी सहा तास झोपले, थेंबही न घेता.

परतल्यावर तेल सोडलं नाही, पण आठवड्यातून तीनच रात्री, आणि पावाच्या वर नाही. सीबीटीही सुरू केलं, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी. कडीचं वेड कमी झालं ते त्यानेच, तेलाने नाही, असं आता मला वाटतं. तेल घेतलेल्या रात्रीनंतर सकाळी गाडी नवरा चालवतो. इथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या टीएचसीची मर्यादा दर मिलिलिटरला 2 नॅनोग्रॅमपासून सुरू होते, आणि डॉक्टरचा कागद दाखवला म्हणून सूट मिळत नाही. बाटली आधी मसाल्याच्या कपाटात असायची, आता मुलाचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या डब्यात आहे.

परवा आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, "ते तुझं तेल गुडघ्याला लावून चालतं का गं?"